काचेमागच्या महालक्ष्म्या

भाद्रपद लागला की मी घरी यायचा रस्ता बदलतो. एरवी ऑफिसातून निघून बाजारपेठेतून चालत येतो, पण गौरींच्या आधीचे सहा-सात दिवस मागच्या गल्लीतून, पंक्चरच्या दुकानावरून वळसा घालून येतो. त्या दिवसांत बाजारात मुखवटे मांडलेले असतात. शाडूचे, फायबरचे, पितळेचे, नथवाले, बिननथीचे. फळीवर ओळीने ठेवलेले, आणि सगळ्यांचे डोळे उघडे. बायकोला मी सांगितलंय की बाजारात फार गर्दी असते. खरं कारण आज लिहितो आहे. तिलाही ते इथंच वाचायला मिळेल.

आमच्याकडे गौरी म्हणत नाहीत, महालक्ष्म्या म्हणतात. आमचं घराणं उज्जैनचं. शिंद्यांच्या फडावर कारकुनी करायला कुणी पूर्वज देशावरून माळव्यात आला आणि त्याच्या सामानात ज्येष्ठा-कनिष्ठेचे दोन पितळी मुखवटे होते, असं सांगतात. पुढे कारकुनी गेली. पोरंबाळं तारखात्यात, शाळांत, बँकांत लागली. मुखवटे तेवढे राहिले. मान थोरल्या घराचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आणि त्यांच्यानंतर माझा. पण वडील बँकेच्या बदल्यांपायी गावोगाव फिरत राहिले, म्हणून महालक्ष्म्या उज्जैनला धाकट्या काकांकडे बसायच्या. 'काकांकडे' हे बोलायला. करायची सगळं काकू. चाळीस वर्षं.

कॉलेजची चार वर्षं मी त्यांच्या उज्जैनच्या भाड्याच्या घरात काढली. त्यांना मूलबाळ नव्हतं. पोह्यांवर शेव किती घालायची यावरून माझ्याशी रोज भांडायला काकूला कुणीतरी मिळालं होतं, आणि मला वाटायचं, मी त्यांच्यावर उपकारच करतोय.

तिथला भाद्रपद अजून नाकात आहे. पाऊस ओसरत आलेला, ऊन अंगाला चिकटणारं, भिंतींना ओल. शिप्रेचं पाणी उतरून घाटाच्या पायऱ्यांवर मऊ गाळ बसलेला. पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. गावाबाहेर सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं. आणि घरात तळणाचा वास. काकू फुलोरा करायची, म्हणजे महालक्ष्म्यांच्या डोक्यावर दोऱ्याने टांगायच्या तळलेल्या वस्तू. करंजी, पापडी, फणी, कणकेच्या तीन पेडांची वेणी. फणीचे दात ती सुरीने एकेक कापायची. मी म्हणायचो, "काकू, कोण मोजायला बसलंय?" ती म्हणायची, "तुझे केस कुणी अर्ध्या फणीने विंचरले तर चालेल का रे? मग?"

आवाहनाच्या संध्याकाळी दोन्ही मुखवटे हातात घेऊन ती उंबऱ्यात उभी राहायची. मी पुढे ताट बडवत. आतून काका विचारायचे, "कशाच्या पावली आल्या?" "सोन्याच्या पावली!" मग त्यांना सगळं घर दाखवायचं. ही तर सगळीकडची रीत, पण काकू घर दाखवायची ते शेजारीण पहिल्यांदा आल्यासारखी. "हे स्वयंपाकघर. हा गव्हाचा डबा, भरलेला आहे. हा तांदळाचा, भरलेला आहे." डबे बरेचदा अर्धे असायचे. शेवटी माझ्या टेबलापाशी यायची. "आणि ही आमच्या शिरूची अभ्यासाची जागा. पोरगा हुशार आहे, थोडा आळशी आहे. तुम्हीच बघा काय होतं तर." मला लाज वाटायची. मी ताट आणखी जोराने बडवायचो.

चार वर्षांपूर्वी चैत्रात काका गेले. त्या वर्षी सण नव्हता. दुसऱ्या वर्षी श्रावणात काकूचा फोन आला.

"शिरू, ऐक. या साली तू आणि सूनबाई या. तुम्ही बसवा, मान तर तुमचाच आहे. बाकी सगळं मी करून ठेवते. तुम्ही फक्त हात लावा. किती दिवसांची छुट्टी मिळेल?"

मी म्हणालो, "काकू, पण काकांनंतर आता तुझ्या हातून कसं चालेल?"

पलीकडे भाजीवाला ओरडत होता, तो ऐकू आला. मग ती म्हणाली, "हो रे. ते तर माझ्या ध्यानातच नाही आलं." आणि पुढे, "तू मोठ्या घरचा. तू म्हणशील तसं."

हे वाक्य मी का बोललो ते सांगायला मला तीन वर्षं लागली. विधवेच्या हातचं देवाला चालत नाही, असं मी मानत नाही. कधीच मानलं नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत आमच्या सोसायटीत हळदीकुंकू झालं तेव्हा तळमजल्यावरच्या दोन विधवा बायकांना मुद्दाम मान दिला होता आणि मी माइकवर पाच मिनिटं बोललो होतो. कुणीतरी त्याचं चित्रण केलं. मी ते सगळ्या नातेवाइकांना पाठवलं, काकूलाही. तिचं उत्तर आलं होतं, 'खूप छान बोललास बेटा.' पुढे हात जोडलेले. मला आता वाटतं, त्या भाषणाच्या भरवशावरच तिने मला श्रावणात फोन केला असावा.

रजा होती माझ्याकडे. आम्ही ती डिसेंबरात केरळला जाण्यासाठी ठेवली होती. एवढंच. पुण्याहून उज्जैन, तीन दिवस पाहुणेरावळे, सोळा भाज्या, सोवळं, परतीचा प्रवास, हे एकदा केलं की दर भाद्रपदात करावं लागणार, हे मला दिसत होतं. 'काकू, मला येववत नाही' म्हणायला जीभ रेटली नाही. ज्या रूढीवर मी माइकवर तोंडसुख घेतलं होतं, तीच उचलून तिच्या तोंडावर मारली. ती लगेच लागू पडली. पिढ्यान्‌पिढ्या घासून धारदार ठेवलेली असते ती. नवख्याच्या हातातही नीट चालते.

त्या हिवाळ्यात काकूने ते घर सोडलं आणि फ्रीगंजमध्ये दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. सामान आवरायला मी गेलो होतो. मुखवट्यांची पेटी कुठे ठेवायची हा प्रश्न आला तेव्हा मीच म्हणालो, गावातल्या एका संग्रहालयात माळव्यातल्या घरगुती पूजेच्या वस्तू गोळा करताहेत, तिथे देऊ. नीट राहतील, आपलं नावही राहील. काकू मुखवटे खणात गुंडाळत होती. दोघींची तोंडं समोरासमोर, मध्ये कापूस, असेच ते ठेवायचे. ती म्हणाली, "बरं. एकदा मला दाखवशील ना, कुठे ठेवल्यात ते?" मी हो म्हणालो. संग्रहालयातला फॉर्म मी बाहेर स्कूटरच्या सीटवर ठेवून दहा मिनिटांत भरला आणि इंदूरहून विमान पकडलं.

गेल्या भाद्रपदात ते दाखवणं झालं. शनिवार-रविवार जोडून मी गेलो. महालक्ष्म्यांना चार दिवस राहिले होते. हल्ली शनिवारी उज्जैनात उतरायचं म्हणजे दर्शनाच्या लोंढ्याबरोबर वाहत जायचं, स्टेशनबाहेर प्रत्येक रिक्षावाला आधी "महाकाल? महाकाल?" विचारतो आणि नाही म्हटलं की आपल्याकडे संशयाने बघतो.

काकू तयार होऊन बसली होती. इस्त्रीची महेश्वरी साडी, केस ओले. मला बघून म्हणाली, "किती जाडा झाला रे! सूनबाई काय, तुपातच ठेवते का तुला? बस, पोहे ठंडे होताहेत." पोह्यांवर शेव तिने मला विचारून घातली. पूर्वी विचारायची नाही.

निघताना बघितलं तर पर्समध्ये हळदीकुंकवाची डबी आणि केळीच्या पानात दोन गजरे.

"काकू, तिथे चालणार नाही हे."

"लावू नाही देणार, माहीत आहे मला. पास नेते फक्त. कुणाच्या घरी रिकाम्या हाती जातात का?"

संग्रहालय चांगलं आहे, हे मला सांगितलं पाहिजे. थंड, स्वच्छ, प्रकाश बेताचा. बाहेरची सगळी झुंबड दारातच राहते. दालनात निळ्या साडीतली एक कर्मचारी बाई होती, तिशीतली. गळ्यातल्या ओळखपत्रावर रेखा असं नाव होतं. मुखवटे भिंतीतल्या काचेच्या कपाटात होते, हातभर अंतर सोडून, स्टीलच्या दांड्यांवर. खाली काही नाही. आमच्याकडे धान्याने भरलेल्या पत्र्याच्या कोठ्यांचं धड असायचं, वर साडी, दागिने, शेला. इथे नुसती मान आणि तोंड.

काकू बघत राहिली. मग रेखाकडे वळली. "बेटा, इनको साड़ी क्यों नहीं पहनाई?"

"अम्माजी, साड़ी से ढँक जाता है ना. लोगों को कारीगरी दिखनी चाहिए."

"हाँ, पर ऐसे तो..." काकूने शब्द शोधला. "ऐसे तो नहाते में कोई आ गया जैसा लगता है."

रेखा हसली, मग तिला हसणं बरं वाटलं नसावं. "आपके घर में भी होती थीं क्या?"

"यही होती थीं."

रेखाने काकूकडे पाहिलं, मग खालच्या कार्डाकडे, मग माझ्याकडे. काकू काचेजवळ वाकली. कनिष्ठेच्या हनुवटीला एक पोचा आहे. "हा बघ," ती मला मराठीत म्हणाली, "अजून आहे." तो पोचा माझा. एकोणिसाव्या वर्षी पेटी उतरवताना माझ्या हातून मुखवटा फरशीवर पडला होता. काका दोन दिवस घरात कुणाशी बोलले नव्हते, कारण काकूने त्यांना सांगितलं होतं, "माझ्या हातून पडली." मी तिथेच उभा होतो. तेव्हाही मी काही बोललो नव्हतो.

मग ती कार्ड वाचायला लागली. चष्मा वर-खाली करत, बोट काचेपासून इंचभर दूर धरून, शाळेतल्या मुलीसारखं मोठ्याने. "ज्येष्ठा एवं कनिष्ठा. पीतल. मालवा का मराठी परिवार." माझ्या वडिलांचं नाव आलं, तिथे थांबून तिने मान डोलावली. पुढे वाचलं. "परिवार में पूजन करने वाला कोई शेष न रहने पर संग्रहालय को भेंट."

तिने ती ओळ पुन्हा वाचली. या वेळी मनात.

मला आठवलं. तोपर्यंत खरंच आठवलं नव्हतं, आणि हे मी माझ्या बाजूने सांगत नाही. फॉर्ममध्ये एक रकाना होता: वस्तू सध्या पूजेत आहे का? असल्यास पूजा करणाऱ्या व्यक्तीची संमती जोडा. संमती म्हणजे परत फ्रीगंजला जाणं, काकूची सही, आधारची प्रत. विमानाला तीन तास होते. मी लिहिलं, पूजा करणारं कुणी उरलेलं नाही.

काकू सरळ झाली आणि रेखाला म्हणाली, "बेटा, ये जो शेष नहीं है ना, वो मैं हूँ."

हसतच म्हणाली. रेखाने पटकन स्वतःची खुर्ची पुढे केली. "बैठिए अम्माजी." काकू बसली. पाऊण तास बसली. मी दुसऱ्या दालनात जाऊन मूर्ती बघितल्या, म्हणजे त्यांच्यासमोर उभा राहिलो. परत आलो तेव्हा दोघी बोलत होत्या. काकू तिला फुलोऱ्याच्या वेणीला पीठ किती घट्ट भिजवायचं ते सांगत होती, आणि एक गजरा रेखाच्या केसात होता.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. काकू म्हणाली, "दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन मी जिवंत आहे म्हणून अंगठा लावते, तेव्हा तुझ्या काकांची पेन्शन मिळते. इथे पण लावायला लागेल का रे?"

"काकू, ती चूक झाली. घाईत..."

"घाईत माणूस चश्मा विसरतो, शिरीष." पूर्ण नावाने तिने मला त्याआधी कधी हाक मारली नव्हती. "ऐक. मुखवटे राहू दे. चांगले ठेवलेत त्यांनी, पंखा-बिंखा आहे. मला परत नको. फक्त ते कार्ड बदलव. मी गेल्यावर पाहिजे तर परत तेच लाव."

"सोमवारी लगेच करतो."

"कर."

दुसऱ्या दिवशी तिने मला जेवू घातलं, शेवेचं पाकीट बांधून दिलं, जिन्यापर्यंत सोडायला आली. आपण आता नमस्कारही करू नये असं वाटत होतं, तरी मी वाकलो. तिने पाठीवर हात ठेवला. नेहमीसारखाच ठेवला, हे जास्त लागलं.

सोमवारी मी संग्रहालयाला लिहायला बसलो. 'नजरचुकीने' असा शब्द लिहिला, खोडला. 'अपुऱ्या माहितीमुळे' लिहिलं. तेही खोटं. खरं लिहायचं तर असं होतं: मी जिवंत बाईला नाही म्हणून लिहून दिलं, कारण मला उशीर होत होता. ऑफिसात दुसऱ्यांच्या अहवालांतल्या चुका लाल शाईने काढायचं काम मी पंचवीस वर्षं करतो आहे. हे एक वाक्य मला लिहिता येईना. मसुदा तसाच पडून राहिला. दिवाळी झाली. संक्रांतीला काकूचा तिळगूळ कुरियरने आला, सोबत चिठ्ठी नव्हती. फोनवर तिने कधीच विचारलं नाही, आणि तिने विचारलं नाही याचा मला मनातल्या मनात आधार वाटत गेला. बहुतेक विसरली असेल, असं मी स्वतःला सांगत होतो. चाळीस वर्षं दर फणीचे दात मोजणारी बाई.

यंदा आषाढात संग्रहालयाचं पत्र आलं. अगदी सभ्य. कार्डात दुरुस्तीसाठी एक अर्ज आला आहे, दाते म्हणून आपली सहमती कळवावी. सोबत अर्जाची प्रत. काकूचं अक्षर, रेघांच्या वहीचा कागद.

'महोदय, आपके यहाँ पीतल के जो दो मुखौटे रखे हैं, उनकी पूजा मैंने चालीस वर्ष की है. मैं जीवित हूँ. प्रमाण साथ लगाया है. कृपया कार्ड सुधार दें. मुखौटे वापस नहीं चाहिए.'

प्रमाण म्हणून आधारची प्रत होती आणि बँकेच्या हयातीच्या दाखल्याची. माझ्याविरुद्ध एक अक्षर नव्हतं. माझं नावच नव्हतं.

सही करायला मी नऊ दिवस लावले. का, ते मला सांगता येत नाही. आज सगळंच सांगायला बसलोय, पण हे मला खरंच कळलेलं नाही. दहाव्या दिवशी केली आणि पाठवली. सोबत काही लिहिलं नाही.

मागच्या आठवड्यात मी तिला फोन केला. कार्ड बदललं, ती म्हणाली. दोनदा जाऊन बघून आली. मग म्हणाली, "या साली मी महालक्ष्म्या बसवते आहे."

"मुखवट्यांशिवाय?"

"खड्याच्या. कोकणस्थांकडे करतात ना, तशा. खाली सुनीता राहते, तिच्या पोरी शिप्रेवरून पाच खडे आणतील. देवीला काय, दगड पण चालतो."

पुढचा प्रश्न माझ्या तोंडात आलाच नव्हता, तरी तिने उत्तर दिलं. "माझ्याच हातून. कुणाला विचारलं नाही मी."

"छान केलंस काकू." माझा आवाज माइकवरच्यासारखा आला. मी घसा खाकरला. "मी येऊ?"

"ये ना. पाहुण्याला कोण नाही म्हणतं?"

मी काहीतरी बोललो. बहुधा 'बरं'.

"पूजेच्या दिवशी पाच वाजल्यानंतर ये," ती म्हणाली. आवाज साधा होता, वेळापत्रक सांगावं तसा. "दर्शनाला बाहेरचे लोक येतात तेव्हा. घरच्यांची पंगत दोन वाजता आटपते."

"घरचे म्हणजे कोण कोण?"

"सुनीता, तिच्या पोरी, आणि ती म्युझियमवाली रेखा. हाफ डे टाकलाय तिने. वेणी तीच करणार आहे, शिकली आता. चल, फोन ठेवते, दूध उतू जाईल."

मी तिकीट काढलं आहे. गाडी उज्जैनला सकाळी आठला पोहोचते. आठपासून पाचपर्यंत कुठे बसायचं, ते अजून ठरवलेलं नाही.